घटक ५ : देहविक्रय – समाजदृष्टी आणि नियमनाचा प्रश्न

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• देहविक्रय करणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत रूढ असलेल्या शब्दांतून व्यक्त होणारी समाजदृष्टी स्पष्ट करता येईल.
• १८६८ आणि १९५६ च्या कायद्यांमागील भूमिकांतील फरक सांगता येईल.
• नियमनाच्या बाजूचे व विरोधातील युक्तिवाद तपासून स्वतःचे मत सकारण मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुंबईचा कामाठीपुरा, पुण्याची बुधवार पेठ, नागपूरची गंगा-जमुना, सांगलीचे गोकुळनगर ही नावे उच्चारताना आपला आवाज नकळत खाली येतो. कदाचित यांपैकी एखाद्या वस्तीवरून तुम्ही रोज कामाला जात असाल. तिथल्या एखाद्या मुलाशेजारी शाळेत एका बाकावर बसलाही असाल. या वस्तीतील स्त्रियांनी कोणत्या कायद्याखाली जगावे हे ठरवणारे लोक मात्र बहुधा त्यांच्याशी कधीही बोललेले नसतात.

प्रथम विषयाची मर्यादा निश्चित करू. अल्पवयीन मुलीला या व्यवसायात ढकलणे, तसेच कोणालाही फसवून किंवा विकून आणणे हा गुन्हा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मानवी व्यापाराला बंदी केली आहे आणि त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तीही या व्यवसायात आहेत. तथापि, या घटकात आपण मुख्यतः सज्ञान स्त्रियांचा विचार करणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ शब्द आणि समाजदृष्टी

भाषेचे अभ्यासक म्हणून आपण शब्दांपासून सुरुवात करू. ‘गणिका’, ‘वारांगना’ हे संस्कृत वळणाचे शब्द वाङ्मयात प्रतिष्ठित झाले. ‘बाजारबसवी’ हा शब्द शिवी म्हणून उरला. ‘पतिता’ या शब्दात करुणा असल्यासारखे वाटते, पण तो आधी ‘ही पडलेली आहे’ असा निकाल देतो आणि मग तिच्या उद्धाराची भाषा सुरू होते. हे सारे शब्द स्त्रीचे संपूर्ण अस्तित्व व्यापतात. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषासाठी ‘बाहेरख्याली’ असा शब्द आहे, परंतु तो केवळ त्याच्या एका सवयीला नाव देतो. व्यवहारात तर त्याला ‘गिऱ्हाईक’ म्हणतात. वाण्याच्या दुकानात तांदूळ घेणाऱ्यालाही आपण तेच म्हणतो. एकाच व्यवहारातील एक बाजू कलंकित आणि दुसरी बिनबोभाट राहते, ती अशी.

नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाने या वस्तीचे जग तिच्याच भाषेसह मराठी कवितेत आणले. पुढे १९९६ मध्ये सांगली परिसरातील स्त्रियांनी आपली संघटना उभारली आणि तिचे नाव ठेवले ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. सौम्य शब्द उपलब्ध असतानाही त्यांनी हाच शब्द निवडला. लपून राहण्यास नकार, असा या निवडीचा अर्थ लावता येतो.

५.२.२ नियमनाचा पहिला प्रयोग

‘नियमन’ हा विचार नवा नाही. सैनिकांमध्ये गुप्तरोग पसरतात या काळजीतून ब्रिटिश सरकारने १८६८ मध्ये हिंदुस्थानात सांसर्गिक रोग कायदा केला. त्यानुसार स्त्रियांनी नाव नोंदवायचे, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणीस हजर राहायचे आणि रोग आढळल्यास विशेष रुग्णालयात बंदिस्त राहायचे, असे बंधन आले. पुरुषांवर मात्र अशी सक्ती नव्हती. अनेक स्त्रियांनी नोंदणी चुकवली. इंग्लंडमध्येही अशा कायद्यांविरुद्ध जोसेफिन बटलर यांनी चळवळ उभारली होती. तेथील कायदे १८८६ मध्ये व येथील कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. येथे ‘नियमन’ म्हणजे स्त्रीच्या शरीरावर पहारा होता. तिची सुरक्षितता हा हेतूच नव्हता.

५.२.३ निर्मूलनाची भूमिका

नियमनाला विरोध करणारी भूमिका केवळ सोवळेपणातून येते असे समजू नका. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यासमोर भाषण केले आणि गरिबी पत्करावी लागली तरी हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. त्यामागे जातिव्यवस्थेचा अनुभव होता. जिच्या जन्माबरोबरच तिचा व्यवसाय ठरतो, तिच्या बाबतीत ‘निवड’ हा शब्द वापरणे ही क्रूर थट्टा ठरू शकते. नियमनाचा पुरस्कार करणाऱ्याने हा आक्षेप टाळून पुढे जाता कामा नये.

५.२.४ प्रचलित कायदा

१९५० मध्ये भारताने मानवी व्यापारविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि १९५६ मध्ये कायदा केला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर तो ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. सज्ञान स्त्रीने देहविक्रय करणे हा या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवलेला नाही. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे, गिऱ्हाईक मिळवण्यासाठी सार्वजनिक ठिकाणी खुणावणे, शाळा वा प्रार्थनास्थळापासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय करणे हे मात्र गुन्हे आहेत.

याचा व्यवहारातील परिणाम पाहा. दोघींनी सुरक्षिततेसाठी एकच खोली घेतली, तर व्याख्येनुसार ती कुंटणखाना ठरू शकते. आईच्या कमाईवर शिकणारा अठरा वर्षांवरील मुलगाही कायद्याच्या शब्दांनुसार संशयित होतो. मारहाण झाली, पैसे बुडवले, तरी पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची भीती वाटते.

न्यायालयांनी ही कोंडी काही अंशी फोडली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांना सुधारगृहात डांबून ठेवण्याचा आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिलेल्या आदेशात सांगितले की, छाप्याच्या वेळी स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीला अटक करू नये, तिची ओळख प्रसारमाध्यमांनी उघड करू नये, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि केवळ या व्यवसायामुळे आईपासून मूल तोडू नये.

५.२.५ नियमन कोणाचे?

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग स्वीकारले. स्वीडनने १९९९ मध्ये शरीरसंबंध विकत घेणे हा गुन्हा ठरवला. विकणारी व्यक्ती गुन्हेगार नाही. जर्मनीने २००२ मध्ये या व्यवसायाला कायदेशीर करारांचे संरक्षण दिले, पण २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. न्यूझीलंडने २००३ मध्ये हा व्यवसाय गुन्हेगारी कायद्याबाहेर काढून त्याला आरोग्य व सुरक्षिततेचे नियम लावले. करार झालेला असला तरी ऐनवेळी नकार देण्याचा हक्क तिथे कायद्याने राखला आहे.

आता दोन याद्यांची तुलना करा. १८६८ ची यादी स्त्रीला पकडून तपासणीस आणण्यासाठी होती. २०२० च्या टाळेबंदीत ओळखपत्रे नसल्याने अनेकींना शिधा मिळेना, तेव्हा ओळखपत्राचा आग्रह न धरता तो देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये साहाय्य जाहीर केले. लाभार्थींपर्यंत पोहोचण्यासाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमातील नोंदींचा आधार घेतला गेला. पहिली यादी पहाऱ्याची, दुसरी हक्काची होती. म्हणून ‘नियमन असावे का?’ यापेक्षा ‘नियमन कोणाचे आणि कोणाच्या हितासाठी?’ हा प्रश्न अधिक नेमका आहे. घरमालक, दलाल, हिंसक गिऱ्हाईक आणि पैसे उकळणारा यांच्यावर वचक, आणि त्या स्त्रीला शिधापत्रिका, बँक खाते, दवाखाना, तक्रारीचा हक्क असे नियमन समर्थनीय ठरते.

डॉ. आंबेडकरांच्या आवाहनामागील आक्षेप यामुळे संपत नाही. गरिबीतून पत्करलेले काम पूर्णतः मुक्त नसते, हे खरेच. ऊसतोडीलाही ते लागू आहे. परंतु तोडणी कामगाराच्या दैन्यावर उपाय म्हणून आपण त्याला कोंडून ठेवत नाही. व्यवसाय सोडू इच्छिणारीला बाहेर पडण्याची वाट हवी आणि त्यात असेपर्यंत संरक्षणही हवे. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न
(अ) ‘पतिता’ या शब्दातील करुणा फसवी का म्हणता येईल?
(आ) १८६८ च्या कायद्यात पुरुषांना का वगळले असावे?

५.३ सारांश

समाजाची दृष्टी शब्दांत दिसते आणि शब्दांमागून कायद्यात उतरते. नियमनाचा जुना प्रयोग पहाऱ्याचा होता, निर्मूलनाच्या भूमिकेमागे जातीचे वास्तव आहे आणि प्रचलित कायदा स्त्रीला गुन्हेगार न म्हणताही असुरक्षित ठेवतो. नियमनाचे समर्थन तिच्या सुरक्षिततेच्या व हक्कांच्या कसोटीवर टिकले पाहिजे.

५.४ पारिभाषिक शब्द

नियमन : एखादा व्यवहार बंद न करता नियमांच्या चौकटीत आणणे.
निर्मूलन : एखादी प्रथा वा व्यवहार मुळापासून नाहीसा करणे.
मानवी व्यापार : शोषणासाठी बळजबरी वा फसवणुकीने माणसांची ने-आण करणे.

५.५ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘पहाऱ्याची यादी’ आणि ‘हक्काची यादी’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. निर्मूलन आणि नियमन या दोन भूमिकांची तुलना करून तुमचे मत लिहा.
३. उपक्रम : आठवडाभर एका मराठी दैनिकातील देहविक्रयविषयक बातम्या वाचा. स्त्रीसाठी आणि गिऱ्हाइकासाठी वापरलेल्या शब्दांची नोंद करा. तोच मजकूर त्या स्त्रीच्या मुलीने वाचावा असा तुम्ही कसा लिहाल, ते एका परिच्छेदात लिहून पाहा.