डब्लिनमधला पहिला पगार

प्रश्न : मे २०२५ मध्ये पुण्याहून डब्लिनला नोकरीसाठी आलो. पगारातून सरसकट ४० टक्के कर कापला. असं का?

उत्तर : हा इमर्जन्सी टॅक्स. करखात्याकडे नोकरीची नोंद नसली की लागतो. पीपीएस क्रमांक (आयर्लंडमधला वैयक्तिक ओळख क्रमांक) कंपनीला द्या आणि रेव्हेन्यूच्या, म्हणजे तिथल्या करखात्याच्या, ‘मायअकाउंट’वर नोकरी नोंदवा, आजच. अविवाहित पगारदाराला २०२५ साठी वैयक्तिक २,००० आणि नोकरदार म्हणून आणखी २,००० युरोंची सवलत आहे. ती उत्पन्नातून नव्हे, थेट करातून वजा होते. शिवाय तुम्ही मे महिन्यात येऊन तिथेच राहणार असल्याने पूर्ण वर्षाची सवलत मिळेल. कित्येकांना हे ठाऊकच नसतं! नोकरीची नोंद झाली की जादा कापलेले पैसे पुढच्या पगारात परत येतात. घरभाड्यावरची १,००० युरोपर्यंतची सवलत मात्र वेगळी मागावी लागते. त्यासाठी भाडेकरार नोंदवलाय का, हे घरमालकाला विचारा.