परीक्षक ‘का?’ विचारतो तेव्हा

इलेक्ट्रिकलच्या तोंडी परीक्षेत ओहमचा नियम बहुतेकांना सांगता येतो. फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियमही बोटं ताणून दाखवता येतो. मग परीक्षक शांतपणे ‘का?’ विचारतो आणि पाठांतर तिथेच संपतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड असो, डिप्लोमा असो की इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा ‘बेसिक इलेक्ट्रिकल’, या ‘का?’ला तोंड द्यावंच लागतं.

उरणच्या मुलांना माझं सांगणं आहे की या प्रश्नांची उत्तरं गाइडमध्ये शोधण्याआधी आपल्या तालुक्यात शोधा. इथे वीज तयार होते, समुद्राखालून बेटावर जाते, रेल्वे ओढते आणि बंदरातल्या क्रेन चालवते. एवढं सगळं एका तालुक्यात क्वचितच पाहायला मिळतं.

घारापुरीचंच घ्या. जगभरचे लोक लेणी बघायला येतात त्या बेटावरच्या राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या गावांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. महावितरणने समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकली आणि बेटावर ट्रान्सफॉर्मर बसवले. आता परीक्षकाचा लाडका प्रश्न बघा: वीज लांब न्यायची तर दाब का वाढवतात? ‘लॉस कमी होतो म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. आकडे मांडा. सोयीसाठी सिंगल फेज आणि पॉवर फॅक्टर एक धरू. १०० किलोवॉट वीज २३० व्होल्टवर पाठवली तर तारेतून सुमारे ४३५ अँपिअर करंट जाईल. तीच वीज २२ हजार व्होल्टवर पाठवली तर साडेचार अँपिअर पुरे. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच तारेतलं नुकसान नऊ हजार पटींहून जास्त घटतं. हा हिशोब एकदा स्वतः कागदावर केला की परीक्षेत आठवावा लागत नाही.

त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो: ट्रान्सफॉर्मर डीसीवर का चालत नाही? दुसऱ्या कॉइलमध्ये दाब निर्माण व्हायला कोअरमधलं चुंबकीय फ्लक्स सतत बदलत राहावं लागतं. डीसीने ते स्थिर राहतं, म्हणून पलीकडे काहीच मिळत नाही. एवढ्यावर थांबू नका. बदलतं फ्लक्स नसल्यामुळे पहिल्या कॉइलमध्येही विरोधी दाब तयार होत नाही, करंट अडवायला फक्त तारेचा थोडासा रेझिस्टन्स उरतो आणि कॉइल जळते. हे पुढचं वाक्य आलं की मुलाला समजलंय, हे परीक्षकाला कळतं.

बोकडविऱ्याला महानिर्मितीचं वायू विद्युत केंद्र आहे. उरणमध्ये गॅसवर वीज तयार होऊ लागली ती ऐंशीच्या दशकात, मुंबई हायच्या गॅसवर. या केंद्राची ६७२ मेगावॉट क्षमता नुसती पाठ करू नका, ती फोडून बघा: १०८ मेगावॉटचे चार गॅस टर्बाइन संच आणि १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच. गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारा तप्त वायू वाया न घालवता त्याच्यावर वाफ करायची आणि त्या वाफेवर आणखी वीज बनवायची. ‘कंबाइन्ड सायकल’ म्हणजे हेच. दोन पोलचा जनरेटर ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे का घेतो, हेही इथेच समजून घ्या. फ्रिक्वेन्सीला १२० ने गुणायचं आणि पोलच्या संख्येने भागायचं. चार पोल असतील तर १५००.

एसी-डीसीचा प्रश्न निघाला तर रेल्वे आठवा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. जानेवारी २०२४ मध्ये उरण स्टेशनपर्यंत आलेली लोकल २५ हजार व्होल्ट एसीवर धावते. का बदललं? वर घारापुरीसाठी केलेला हिशोब पुन्हा वाचा.

अर्थिंगकडे मुलं फार दुर्लक्ष करतात. परीक्षेपलीकडे जिवाशी गाठ असलेला हा विषय आहे, म्हणून मी त्यावर अडून बसतो. खड्ड्यात मीठ आणि कोळसा का घालतात? मिठामुळे जमिनीचा रेझिस्टन्स उतरतो, कोळसा ओल धरून ठेवतो. उरणच्या मिठागरांजवळची जमीन मुळातच खारी आणि ओली, तेव्हा करंट सहज वाहून जाईल. पण तोच खारेपणा लोखंडी इलेक्ट्रोड आणि जोडाचे बोल्ट गंजवतो. म्हणून इथे अर्थिंग वेळोवेळी मोजायला हवं. दुसरी बाजूही दिसणारा विद्यार्थी मला कुठेही कामावर घ्यावासा वाटेल.

आता पालकांशी थोडं. इथल्या गावांनी बंदरासाठी, प्रकल्पांसाठी जमिनी दिल्या आहेत. या जमिनींच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले. त्यामुळे मुलाच्या नोकरीची काळजी इथे घराघरात खोल आहे, आणि ती रास्त आहे. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण कामावर गेल्यावर कोणता ब्रेकर का पडला, हे साहेब मुलालाच विचारणार. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे. त्यामुळे ‘आयटीआयच मिळालं’ असं मुलासमोर हळहळू नका.

घरी तयारी घेताना किती धडे झाले, हे विचारू नका. विजेचं बिल पुढे करा आणि म्हणा, ‘मला समजावून सांग.’ युनिट म्हणजे काय? हजार वॉटची इस्त्री तासभर चालली तर किती युनिट? मंजूर भार म्हणजे काय? फ्यूज असताना एमसीबी कशाला? तुम्हाला विषय येत नाही, हीच इथे सोय आहे. तुम्हाला पटेपर्यंत मुलाला सोपं बोलावं लागेल. ते मराठीतच होऊ द्या. आधी कल्पना पक्की, मग परीक्षेतले इंग्रजी शब्द त्यात बसवायचे.

परीक्षेच्या टेबलावर पहिला प्रश्न बहुधा तुमच्याच जर्नलमधून येतो. म्हणून दुसऱ्याचं बघून लिहिलेलं जर्नल धोक्याचं. अमीटर सीरिजमध्ये का आणि व्होल्टमीटर पॅरललमध्ये का, हे आकृती काढत सांगता आलं पाहिजे. अमीटरचा रेझिस्टन्स अगदी कमी असतो. तो चुकून पुरवठ्याला थेट पॅरलल जोडला तर काय होईल, असं विचारलं तर ओहमच्या नियमाने करंट किती होईल ते मोजून दाखवा. उत्तर येत नसेल तर गप्प बसू नका. ‘मोटरला स्टार्टर का लागतो ते नक्की आठवत नाही, पण सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते’ असं सांगून बघा. बहुतेक परीक्षक तिथून पुढची पायरी स्वतः विचारतात: हा करंट इतका का वाढतो, आणि स्टार-डेल्टा जोडणीने लाइनमधला करंट एक तृतीयांश कसा होतो. ही आकडेमोड आदल्या रात्री एकदा करून ठेवा.