कमिन्स आहे, पण कोणतं?

जुन्या ट्रकच्या यार्डात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "शेठ, कमिन्स आहे, डोळे झाकून घ्या." मीही एकदा डोळे झाकले होते. महिन्याभरात गाडी काळा धूर ओकायला लागली. मिस्त्रीने नोझल काढून नंबर वाचले आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. सहापैकी दोन नोझल दुसऱ्याच इंजिनाचे होते. दलालाचा फोन अर्थातच लागत नव्हता.

टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी १९९३ सालची. आधी जमशेदपूर, नंतर आपल्या फलटणलाही कारखाना झाला. इतक्या वर्षांत एकाच नावाखाली बरीच इंजिनं रस्त्यावर आली. त्यातलं आपल्यासमोर कोणतं उभं आहे, हे ओळखायला मिस्त्री लागतोच असं नाही. आरसी बुक उघडा आणि सीसीचा आकडा बघा. ५६७५ असेल तर ते कमिन्स नव्हेच, टाटांचं स्वतःचं ६९७ आहे. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. ५८८३ म्हणजे कमिन्सचं ५.९ लिटर, बोअर १०२ आणि स्ट्रोक १२०. ६६९०च्या आसपास असेल तर ६.७ लिटर, बोअर १०७ आणि स्ट्रोक १२४. केबिनवर रंगाऱ्याने काहीही लिहिलेलं असो, या आकड्याशी त्याला देणंघेणं नसतं.

खरी गंमत ५८८३मध्ये आहे, कारण या एका आकड्यात दोन पिढ्या बसतात. इंजिनावरचं झाकण उघडून डोक्याकडे बघा. प्रत्येक सिलिंडरवर वेगळं, अशी सहा छोटी रॉकर कव्हरं ओळीने दिसली तर ते जुनं बारा व्हॉल्व्हचं मेकॅनिकल पंपाचं इंजिन. पंपापासून प्रत्येक नोझलपर्यंत स्वतंत्र लोखंडी नळी जाते. डोक्यावर एकच लांब कव्हर, शेजारी सगळ्या नळ्यांना जोडणारी जाड आडवी रेल आणि वायरिंगचा गुंता दिसला तर ते चोवीस व्हॉल्व्हचं कॉमन रेल. पहिल्याला कोणत्याही तालुक्याचा पंपवाला हात लावू शकतो, दुसऱ्याला स्कॅनर लागतो.

बीएस-३ की बीएस-४ हे नुसत्या पासिंगच्या तारखेवरून ठरवू नका. बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिल २०१७पासून बंद, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला दिला. उरलेल्या दोन दिवसांत पुष्कळ माल घाईने खपवला गेला आणि त्यातल्या काहींची नोंदणी पुढे झाली. म्हणून चासी नंबर वाचा. टाटांच्या सतरा अंकी नंबरात दहावी जागा वर्षाची : जी म्हणजे २०१६, एच २०१७, जे २०१८. मध्ये आय गाळलेला आहे. बीएस-६ १ एप्रिल २०२०पासून आलं. त्यात युरियाची, म्हणजे डीईएफची, निळ्या झाकणाची टाकी दिसेल. बीएस-४मध्ये मात्र काही गाड्यांना ही टाकी आहे, काहींना धूर परत इंजिनात फिरवणारी ईजीआर यंत्रणा.

आता पैशांचं. पुढचे दर ढोबळ आहेत, आपल्या गावात विचारून घ्या. मेकॅनिकल इंजिनाचं पंप-नोझल काम पंचवीस-तीस हजारांत बसतं. कॉमन रेलचा एक नवा इंजेक्टर पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो, सहा बदलले की लाख गेलाच. युरियाचं गणित सोपं आहे. महिन्याला दहा हजार किलोमीटर आणि चारचा ॲव्हरेज धरला तर डिझेल २५०० लिटर. युरिया त्याच्या ४ टक्के धरा, म्हणजे १०० लिटर. लिटरला साठ-सत्तर रुपये मोजले तर महिन्याचे सहा-सात हजार. हा खर्च चुकवायला काही जण युरिया 'बंद' करून देतात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, मी घेणार नाही. सिस्टीम पुन्हा उभी करायला जे लागतं ते दलालाने कमी केलेल्या रकमेपेक्षा जास्त असतं.

इंजिन आधी बांधलेलं असेल तर एक प्रश्न विचाराच : बोअर किती साइजला झालंय? या ५.९ला कारखान्यातून लायनर नसतो, ब्लॉकमध्येच बोअर असतो. घासला की अर्धा मिलिमीटर, मग एक मिलिमीटर वाढवून मोठा पिस्टन टाकतात. त्यापुढे स्लीव्ह ठोकण्याशिवाय मार्ग नाही. बिल दाखवता येत नसेल तर एक मिलिमीटर झालाय असंच धरून भाव करा.

लाइन कुठली, यावरही भाव ठरतो. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ मालगाड्यांना १ नोव्हेंबर २०२५पासून दिल्लीत प्रवेश नाही आणि बीएस-४ला दिलेली मुदत ३१ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच आहे. वाळू-खडी किंवा ऊस ओढायचा असेल तर जुनं मेकॅनिकल अजून चालेल, मात्र महाराष्ट्रात आठ वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर बसतो तो धरून ठेवा. दिल्लीची लाइन असेल तर बीएस-६च बघा. बीएस-४ माझ्या मते सगळ्यात अडचणीचं : खर्च कॉमन रेलचा आणि पुढचं आयुष्य जुन्याचं.

बयाणा देण्याआधी पुढच्या गिअर हाऊसिंगवरची छोटी पाटी चिंधीने पुसून वाचा. तिच्यावर इंजिन नंबर आणि सीपीएल नंबर असतो. इंजिन नंबर आरसीशी जुळला पाहिजे आणि सीपीएलचा फोटो काढून पार्टवाल्याला पाठवा. नोझल, पिस्टन त्याच नंबरवर ठरतात. आणि यार्डात पोचल्यावर आधी मॅनिफोल्डला हात लावा. गरम लागला तर चहा घ्या, इंजिन थंड होईपर्यंत तिथंच बसा आणि मग ते आपल्यासमोर सुरू करायला लावा.