मक्यातील तणनाशकाची मात्रा आणि सहायक द्रव्ये

मक्याच्या पिकात पेरणीनंतरचे पहिले सहा आठवडे तणनियंत्रणाच्या दृष्टीने निर्णायक असतात. खुरपणीस वेळेवर मजूर मिळत नाहीत आणि तणनाशक महाग पडते. अशा वेळी बाजारात ‘स्टिकर’ या नावाने मिळणारे सहायक द्रव्य मिसळून औषधाची मात्रा कमी करता येईल काय, असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतात. औषध जमिनीतून कार्य करते की पानातून, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

तणाच्या पानावर मेणासारखा पातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्यामुळे थेंब त्यावर न पसरता घरंगळून मातीत जातो. पृष्ठताण कमी करणारे द्रव्य मिसळल्यास थेंब पसरून पानास चिकटतो. मेथिलीकृत वनस्पतितेल मेणाचा थर सैल करून औषधास आत शिरण्यास मदत करते. सहायक द्रव्य स्वतः तण मारीत नाही. वाया जाणारे औषध तेवढे वाचविते.

अॅट्राझीन आपल्याकडे पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, तण उगवण्यापूर्वी, ओलसर जमिनीवर हेक्टरी ०.५ ते १ किलो क्रियाशील घटक या प्रमाणात फवारतात. त्या वेळी शेतात पानच नसते. तेव्हा स्टिकरवर केलेला खर्च व्यर्थ होय. अमेरिकेच्या मका पट्ट्यात मात्र हेच औषध तेल मिसळून, कोवळ्या तणांवर कमी मात्रेने वापरण्याची पद्धत रूढ झाली. थंड व ओलसर हवेत या मिश्रणाने मक्यासही इजा होते, असा अनुभव तेथे आला. मात्रा कमी करण्यामागे केवळ पैशाचा विचार नाही. भूजलात उतरणाऱ्या अंशांमुळे युरोपीय संघाने २००४ मध्ये अॅट्राझीनची मान्यता नाकारली.

उगवलेल्या तणांवरील टेंबोट्रायोन व टोप्रामेझोन ही औषधे सहायक द्रव्यासहच वापरावयाची असतात. टेंबोट्रायोनची हेक्टरी १२० ग्रॅम क्रियाशील घटक ही मात्रा सहायक द्रव्य गृहीत धरूनच ठरविलेली आहे. म्हणजे बचत तीत आधीच झालेली असते. पुन्हा काटछाट केल्यास पांढरी पडलेली तणे नव्या पानांनी हिरवी होतात. फवारणी तणे दोन ते चार पानांवर असतानाच करावी. वाढलेल्या तणावर उशिरा केलेली फवारणी कोणतेही तेल सावरू शकत नाही. मक्यात तूर, सोयाबीन अथवा घेवड्याचे आंतरपीक असल्यास ही औषधे वापरू नयेत.

कपडे धुण्याची पावडर स्टिकरऐवजी घालण्याची प्रथा सोडावी. तिने फेस होतो, मात्रेचा अंदाज राहत नाही. औषधाच्या लेबलवर सांगितलेलेच सहायक द्रव्य, सांगितलेल्याच प्रमाणात घ्यावे. शेकडा पाव टक्का सांगितले असेल, तर १०० लिटर पाण्यास २५० मिलिलिटर पुरते. टाकीत अर्धे पाणी, मग तणनाशक, शेवटी सहायक द्रव्य घालून उरलेले पाणी भरावे. शेताच्या कडेला एक पट्टा न फवारता राखावा आणि तीन आठवड्यांनी उरलेल्या शेताशी ताडून पाहावा.