प्रदर्शनातील घोड्यांची व तट्टांची आयाळगळती : चिलटांमुळे होणाऱ्या खाजेचे व्यवस्थापन

कार्तिकात पुष्करला आणि दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोड्यांची पारख होते, तेव्हा चाल, बांधा व रंग यांच्याबरोबर आयाळ आणि शेपटीलाही मोल असते. नेमक्या याच भागांवर घाला घालणारा एक त्वचाविकार चिलटांच्या हंगामात, आपल्याकडे प्रामुख्याने पावसाळ्यात व त्यानंतरच्या दमट दिवसांत बळावतो. त्याला जगभर ‘स्वीट इच’ आणि ऑस्ट्रेलियात ‘क्वीन्सलँड इच’ म्हणतात. अनेकदा खरूज समजून त्यावर मलमे व तेले चोळली जातात आणि खरे कारण तबेल्यामागच्या चिखलात तसेच वाढत राहते.

कारण

क्युलिकॉइडिस या प्रजातीसमूहातील चिलटे या विकाराचे मुख्य कारण होत. त्यांची लांबी साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. पिकलेल्या फळांवर घोंघावणारी चिलटे वेगळी. ती रक्त पीत नाहीत. क्युलिकॉइडिसची केवळ मादी चावते, कारण अंड्यांच्या वाढीसाठी तिला रक्त लागते. चावताना तिची लाळ त्वचेत उतरते आणि त्या लाळेतील प्रथिनांची काही घोड्यांना तीव्र ॲलर्जी होते. म्हणून एकाच तबेल्यातील दहा घोड्यांना चिलटे चावली तरी एखादाच घोडा खाजेने हैराण होतो. हा रोग एका घोड्यापासून दुसऱ्याला लागत नाही.

आइसलँडमधील घोड्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. घोड्यांना चावणाऱ्या या चिलटांचा त्या देशात दीर्घकाळ अभाव होता. तेथे वाढलेले घोडे युरोपच्या मुख्य भूमीवर नेल्यावर, चिलटांचा उपद्रव जास्त असलेल्या भागांत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक घोड्यांना काही वर्षांत हा विकार जडल्याचे आढळले. त्याच वंशाचे, पण युरोपातच जन्मलेले घोडे त्या मानाने पुष्कळ कमी प्रमाणात बाधित होतात. अर्थात, अनुवंशाबरोबरच लहान वयात चिलटांशी आलेला संबंधही महत्त्वाचा ठरतो. चिलटे कमी असलेल्या प्रदेशातून दमट भागात घोडा आणताना हे ध्यानात ठेवावे.

लक्षणे व निदान

घोडा आयाळीचे मूळ, खांदे व शेपटीचे बूड खांबावर, भिंतीवर किंवा झाडावर घासतो. केस तुटतात, कातडी सोलवटते, खपल्या धरतात; जखमांवर माश्या बसून अळ्या पडण्याचा धोका असतो. वर्षानुवर्षे असे घडल्यास तेथील कातडी जाड व सुरकुतलेली होते.

हंगाम ही निदानाची पहिली खूण होय. चिलटांच्या दिवसांत खाज वाढते व थंड-कोरड्या दिवसांत ओसरते. खरूज संसर्गाने इतर घोड्यांतही पसरते. उवा असल्यास केसांत लिखा दिसतात. गजकर्णात गोल चट्टे पडतात व खाज बहुधा कमी असते. केवळ शेपटीचेच बूड घासले जात असेल, तर गुदद्वाराशी अंडी घालणाऱ्या जंतांची तपासणी करून घ्यावी. शंका असल्यास पशुवैद्यकाकडून त्वचेच्या खरवडीची तपासणी व्हावी.

व्यवस्थापन

ही ॲलर्जी सहसा कायमची जात नाही. त्यामुळे घोडा आणि चिलट यांची गाठ पडू न देणे हाच मुख्य उपाय आहे.

१. उत्पत्तिस्थाने : शेणमिश्रित चिखल, गळक्या हौदाभोवतीची ओल आणि डबक्यांचे काठ येथे अळ्या वाढतात. गळती बंद करावी, सांडपाण्याला उतार द्यावा, शेण रोज उचलून तबेल्यापासून दूर न्यावे.

२. वेळ : चिलटांचा वावर संध्याकाळी व पहाटे सर्वाधिक असतो. सूर्यास्तापूर्वी सुमारे एक तास घोडा आत घ्यावा व ऊन वर आल्यावरच बाहेर सोडावा.

३. वारा : चिलटे दुबळी उडणारी आहेत. तबेल्यातील मोठा पंखा त्यांना घोड्यापासून दूर ठेवतो. मात्र तारा घोड्याच्या तोंडापासून लांब असाव्यात. चराईसाठी पाणथळ जागेऐवजी उंच व वारा खेळणारी जागा निवडावी.

४. जाळी व झूल : साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून चिलटे आत शिरतात, म्हणून अगदी बारीक विणीची जाळी वापरावी. मान, पोट व शेपटीचे बूड झाकणारी पातळ झूल उपयुक्त ठरते. ती खाज सुरू होण्यापूर्वीच घालावी.

५. औषधे : परमेथ्रिनयुक्त कीटकरोधक पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेतच लावावे. बेंझाइल बेंझोएट सोलवटलेल्या कातडीवर लावू नये. धुरीचा उपयोग मर्यादित असून बंद तबेल्यातील धूर घोड्याच्या श्वसनमार्गाला अपाय करतो. स्टेरॉइडने खाज लवकर शमते. परंतु त्याने खुरांचा दाहक विकार उद्भवण्याची जोखीम असते आणि स्पर्धांतील औषधविषयक नियमही लागू होतात. त्यामुळे ते स्वतःच्या मनाने देऊ नये.

आयाळीची निगा

खाज थांबली आणि केसांची मुळे शाबूत असली की आयाळ पुन्हा येते, पण पूर्ण लांबीस येण्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणजेच आषाढ-श्रावणात गमावलेली आयाळ मार्गशीर्षातील प्रदर्शनापर्यंत पूर्ववत होत नाही. बाधित भागावर खरारा जोराने फिरवू नये, घट्ट वेण्या घालू नयेत. सौम्य साबणाने धुऊन कातडी कोरडी करावी.

या विकाराकडे कल अनुवंशाने येतो. म्हणून तीव्र बाधा असलेला नर वा मादी पैदाशीसाठी वापरू नये. खरेदी करताना विक्रेत्याला पावसाळ्यातील खाजेविषयी स्पष्ट विचारावे, कारण हिवाळ्यात लक्षणे झाकली जातात. विस्तार कार्यकर्त्यांनी खाज सुरू झाल्याची तारीख, पाऊस व गोठ्याभोवतीची ओल यांची नोंद पालकांना ठेवायला लावावी. दोन हंगामांच्या नोंदींवरून पुढील वर्षी झूल केव्हा घालायची हे ठरवता येते. क्युलिकॉइडिस चिलटेच मेंढ्यांतील नीलजिव्हा रोगाचा प्रसार करतात. त्यामुळे गावातील चिखल व गळती दूर करण्याचा लाभ मेंढपाळांनाही मिळू शकतो.