तुझी मतं आणि तुझा दिवस

मिरज,
५ ऑक्टोबर २०२५

चि. सुजय,


तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. तू म्हणतोस, गेम्स ही कला आहे आणि मोठी माणसं उगाच त्यांच्या नावानं खडे फोडतात. रात्री किती वाजता झोपायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. स्त्री-पुरुष समानता तुमच्या पिढीनं केव्हाच मान्य केली. आणि जात आता निवडणुकीपुरतीच उरली आहे. चार मतं, चारही ठाम. तुझ्या वयाला मतं असायलाच हवीत, त्याचा मला आनंदच आहे. मला त्या प्रत्येकाबद्दल एवढंच विचारायचं आहे की, ते तुझ्या दिवसात कुठे दिसतं?

आधी गेम्सचं बोलू. ती कला आहे हे मला मान्य. २०२० मध्ये पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ नावाचा गेम आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, आणि तिची गोष्ट सांगायला पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या. असं काम करणाऱ्यांच्या मेहनतीला ‘टाइमपास’ म्हणून हिणवणं मलाही पटत नाही.

पण तू रोज रात्री खेळतोस तो गेम वेगळ्या हिशेबानं बांधलेला असतो. गोष्टीला शेवट असतो, रँकला नसतो. सीझन संपला की रँक खाली येते आणि चढण पुन्हा सुरू होते. रोज हजेरी लावली की बक्षीस मिळतं, एक दिवस चुकला की हळहळ वाटते. क्रेट, म्हणजे खेळातली बक्षिसाची बंद पेटी, उघडताना आत काय निघेल ते ठाऊक नसतं, आणि नेमकं त्यासाठीच आपण ती पुन्हा उघडतो. पैसे देऊन असं नशीब आजमावायला लावणं हा जुगारच, असं बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा असे खेळ चालवणाऱ्याला आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तुझी क्रेट त्या कायद्यात बसते की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. तू तुझ्यापुरता नियम कर: आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या वस्तूसाठी एक रुपयाही द्यायचा नाही. पात्राची एखादी स्किन, म्हणजे पोशाख, आवडली आणि किंमत समोर लिहिलेली असली, तर खुशाल घे, पण स्वतः कमावलेल्या पैशांनी.

किती तास खेळलं म्हणजे व्यसन, असं तू विचारलं आहेस. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिच्यात तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटला आहे का, बाकी सगळ्या गोष्टी खेळामागे पडल्या आहेत का, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच आहे का, हे साधारण वर्षभर पाहिलं जातं. तुला असा विकार आहे असं मी म्हणत नाही. पण हे तीन प्रश्न महिन्यातून एकदा स्वतःला विचारत जा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून अशा त्रासासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. कधी गरज पडली, तर मदत मागायला लाजू नकोस.

झोपेबद्दल मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. तुझी झोप एकट्या तुझी नसते. सकाळच्या लेक्चरला तुझ्या जागी हजेरी लावणाऱ्या मित्राला त्याची किंमत मोजावी लागते, आणि सुट्टीत घरी आलास की अकरापर्यंत तुझा नाश्ता झाकून ठेवणाऱ्या तुझ्या आईलाही. जेवायला हाक मारली की ‘मॅच चालू आहे’ हे तुझं उत्तर. मॅच अर्ध्यात सोडता येत नाही, स्क्वॉडमधले बाकीचे तिघं अडकतात, हे मला कळतं. पण मॅच अर्ध्या तासाची असते आणि जेवणाची वेळ घरात सगळ्यांना माहीत असते. मग मॅच सुरू करण्याआधी घड्याळ बघायचं, हा तिघांचाही मान आणि आईचाही.

आपल्या जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं नाव तू ऐकलं असशील. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी मोबाइल, टीव्ही बंद ठेवायचं ठरलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की, नियम एकट्या पोरांना नव्हता, आईबापांचे फोनही बंद. दिवाळीत आपणही जेवताना सगळ्यांचे फोन कपाटात ठेवू. तुझ्या बाबांना सांगायची जबाबदारी माझी.

आता समानता. तुझ्या स्क्वॉडमध्ये मुलगी आली आणि माइकवरून तिचा आवाज आला की काय बोललं जातं, ते तू ऐकतोसच. कितीतरी मुली मुलाचं नाव घेऊन, माइक बंद ठेवून खेळतात. अशा वेळी ‘असं बोलायचं नाही’ म्हणणारा एक आवाज तुझा असला पाहिजे. त्यासाठी मॅच हरावी लागली तरी हर. आणि जेवून उठलास की ताट स्वतः घास. समानता तुला मान्य आहे हे घरातल्यांना तिथे दिसेल.

आणि जात. पहिल्या आठवड्यात होस्टेलवर आडनाव विचारून झाल्यावर ‘कुठल्या कोट्यातून?’ हा प्रश्न कुणाला विचारला गेला आणि कुणाला नाही, ते आठवून बघ. तुला विचारला गेला नाही, म्हणून जात तुला दिसत नाही. ज्याला विचारला गेला त्याच्याजवळ बस, तो सांगेल ते ऐक, मध्ये वाद घालू नकोस. मग तुझं मत बदललं तर बदलू दे. आणि पुन्हा कुणी तो प्रश्न विचारला, तर तिथल्या तिथे थांबव.

मत दिवसात उतरवणं म्हणजे काय, ते बघ. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांनी लिहिलं, भाषणं केली, पण पाणीही दिलं. तसंच अलीकडे, ४ मे २०२२ ला, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही, असा ठराव केला. पुढच्या दोन आठवड्यांत राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तेच करायला सांगितलं. एवढ्याशा गावानं आपल्या हद्दीत करता येण्यासारखं होतं ते केलं, आणि राज्याला त्याच्या मागून यावं लागलं.

तुझी हद्द म्हणजे तुझी खोली, तुझा स्क्वॉड, तुझी मेस आणि तुझं घर. तिथला कारभार तुझ्या हातात आहे, म्हणून तुझी मतं आधी तिथे लागू कर. जगाबद्दल जरूर बोल, वाद घाल, माझ्याशीही घाल. पण जे मत तू तुझ्या हद्दीत पाळत नाहीस, ते दुसऱ्यानं मानावं असा आग्रह धरू नकोस.

दिवाळीला येताना लॅपटॉप घेऊन ये, ‘राजी’ मला खेळून बघायचा आहे. चकल्या करायला यंदा तू माझ्या हाताखाली आहेस, तेव्हा लवकर झोपून लवकर ऊठ. 

तुझी,
आत्या