वराहांसाठी कुरण

डुक्कर कुरणावर पाळावे असे सांगितले की पुष्कळ शेतकरी बंधू हसतात. डुकरे गावभर फिरतातच, त्यांना आणखी मोकळे ते काय सोडावयाचे, असा त्यांचा प्रश्न असतो. परंतु मोकाट डुक्कर व कुरणावरील डुक्कर यांत मोठा भेद आहे, आणि तो भेद कुंपणाचा आहे.

मोकाट डुक्कर गावाकडेच्या घाणीवर पोट भरते. माणसाच्या आतड्यात पट्टकृमी असल्यास त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती डुकराच्या पोटात गेली म्हणजे त्याच्या मांसात तांदळाच्या दाण्यांसारख्या गाठी होतात, आणि असे मांस अर्धेकच्चे खाणाऱ्याच्या पोटी पुन्हा कृमी वाढतो. याहून वाईट हे की, कृमी असलेल्या माणसाच्या अस्वच्छ हातांमुळे किंवा त्याच्या विष्ठेने दूषित झालेल्या भाजीपाल्यातून तीच अंडी दुसऱ्याच्या पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन फेफरे येऊ लागते. ज्या घरी डुकराचे मांस कधीच शिजत नाही, त्या घरच्या मुलालाही हे चुकत नाही. म्हणून ग्रामसेवकांनी कुंपण व शौचकूप या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगाव्यात.

डुक्कर रवंथ करणारे जनावर नव्हे. नुसत्या गवतावर ते पोसत नाही. कोवळी लसूणघास, बरसीम किंवा चवळीचा पाला त्यास मानवतो. अशा चाऱ्यामुळे गाभण मादीच्या खुराकात बरीच बचत होते, परंतु वाढत्या पिल्लांचा खुराक कमी करू नये. त्यांना मका अथवा ज्वारीचा भरडा, भाताचा कोंडा, पेंड व क्षारमिश्रण दिलेच पाहिजे. भुईमूग किंवा रताळी काढून झालेले रान डुकरे उकरून स्वच्छ करतात, हे फुकटचे खाद्य होय. मात्र नुसत्या शेंगांवर वाढलेल्या जनावराची चरबी मऊ पडते.

डुकरास घाम जवळजवळ येतच नाही. सावली व डुंबण्यास पाणी नसेल, तर उन्हाळ्यात कुरणाचा विचारही करू नये.

कुरणाचे तीन-चार तुकडे पाडून जनावरे आळीपाळीने फिरवावीत. जंतांची अंडी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. तेव्हा व्यायला आलेली मादी नेहमी अशा तुकड्यात ठेवावी, जेथे अलीकडे डुकरे नव्हती. रिकामा झालेला तुकडा नांगरून त्यात पीक घ्यावे. कुंपणाच्या तारेची खालची ओळ जमिनीस टेकलेली असावी, कारण डुक्कर उडी मारण्यापेक्षा खालून उकरून जाते.

२०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात प्रथम आढळला. त्यावर उपचार नाही. म्हणून रानडुकरांशी संपर्क येऊ देऊ नये, खाणावळीतील उष्टे चांगले उकळल्याविना घालू नये, आणि त्यात डुकराचे मांस असल्यास ते मुळीच घालू नये.